उचला, ठेवा, सोडा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून माझ्या चहाच्या कपाला या घरात अधिकृत जागा उरलेली नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. खिडकीखालच्या टेबलाचा उजवा कोपरा माझं लग्न झाल्यापासून त्याचा होता. लाकडावर त्याचा गोल डागसुद्धा आहे, म्हणजे वहिवाट सिद्ध होते. एवढ्या पुराव्यावर नागपुरात लोकांनी प्लॉट मिळवले आहेत. आज सकाळी कप घेऊन आले तर डागावर दामिनीचा लॅपटॉप. चहा उभ्याने प्यायले. निषेध म्हणून बिस्किट घेतलं नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दामिनी माझ्या दिराची मुलगी. दीर गेले, ती आणि तिची आई गोपिका वरच्या मजल्यावर राहतात. वर नेटवर्क येत नाही, म्हणून पोट्टी खाली येते आणि सोबत मंडळाची वेबसाइट घेऊन येते.

मंडळ आमच्या विणकर समाजाचं. समाजात आता विणणारं शोधावं लागतं. नागपूर-उमरेडचे बहुतेक माग थांबले, पोरं बँकेत, रेल्वेत, कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत लागली. पण दर डिसेंबरात वधू-वर परिचय मेळावा होतो आणि त्याची जाडजूड पुस्तिका निघते. तिची संपादक मी. म्हणजे ‘मुलगा काही करत नाही’चं ‘घरचा व्यवसाय’ करायचं आणि ‘मुलगी तापट’चं ‘स्पष्टवक्ती’. वर्षभर पेपरात तिरकस सदर लिहून जे पाप साचतं, ते इथे फेडते. यंदा अध्यक्ष चंपतरावांना कोणीतरी सांगितलं की पुस्तिका आता कोणी चाळत नाही, वेबसाइट पाहिजे. घरची मुलगी आहे म्हणून काम दामिनीकडे आलं. घरची आहे म्हणूनच फुकट.

ती वेबसाइट हाताने करते. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरांच्या ओळीवर ओळी टाइप करत जाते, आणि दुसरीकडे त्याचं पान उघडतं. याला कोड लिहिणं म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही, पण बघत बसावंसं वाटतं. आपल्या घरात एवढी हुशारी कुठून आली, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. धर्मेंद्र म्हणाले, माझ्याकडून. मी भांडण काढलं नाही. दिवाळी नुकतीच झाली होती.

तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचं आहे. मेळावा त्याच महिन्याच्या अठ्ठावीसला. मी गोपिकाला सांगून ठेवलं की पोरगी महिनाभर उशिरा गेली तर पुणं काही उठून जात नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

समाजाला काम करणारा माणूस दिसला की समाज त्याला फोन करतो.

सकाळपासून दामिनीचा फोन वाजतो आहे. पारशिवनीच्या एका काकांना मुलाची उंची एक इंच वाढवून हवी होती. तासाभराने त्यांनाच ती अर्धा इंच कमी करून हवी होती. मुलाने पाहिलं असावं. कोषाध्यक्ष कवडूजींना स्वतःचा फोटो ‘जरासा वर’ पाहिजे. किती वर, तर चंपतरावांच्या बरोबरीने. एका बाईंनी मुलीचा जुना फोटो काढून नवा पाठवला, मग नवा काढून जुना. प्रत्येक वेळी दामिनी कोडमध्ये जाते, ती ओळ शोधते, बदलते, परत तपासते. जेवताना तिचं पोळीचं ताट दोनदा गार झालं.

मला या लोकांची चीड येते. एक माणूस किती पिळायचा, याला काही सुमार? हेच सांगायला मी तिला संध्याकाळी खाली बोलावलं. आलीच होती म्हणून मुखपृष्ठावरचं ‘सुस्वागतम्’ बदलून ‘हार्दिक स्वागत’ करून घेतलं. मग बघितलं तर ‘सुस्वागतम्’च बरं होतं.

रविवारच्या सदराला विषय मिळाला. हाताने लिहिलेली वेबसाइट म्हणजे हातमागाचं वस्त्र. तयार साच्यातली म्हणजे यंत्रमागाचं. गोपिकाला वाचून दाखवलं. तिचे वडील उमरेडला माग चालवायचे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “छान आहे, ताई. बाबाची कंबर गेली होती त्याच्यात, तेवढं टाकजा.”

ते काही त्या लेखात बसत नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

चंपतरावांकडे बैठक. चहा, चिवडा आणि विश्वासघात.

दामिनीने वेबसाइट दाखवायची, सगळ्यांनी वाहवा करायची, असं ठरलं होतं. तिने दाखवली. साधी, स्वच्छ, पांढरी. नावावर बोट ठेवलं की झरकन माहिती येते. कवडूजी म्हणाले, “रंग कमी आहे जी.” मी त्यांच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात दामिनीच म्हणाली, ही राहू द्या, दुसरी एक दाखवते. आणि तिने वैभवला पुढे केलं.

वैभव म्हणजे गोळीबार चौकातला फ्लेक्सवाला. वाढदिवस, निवड, नियुक्ती आणि भावपूर्ण श्रद्धांजली हे सगळं तो एकाच पिवळ्या-लाल रंगात छापतो. माणूस गेला की निवडून आला, हे हारावरून ओळखायचं. तो आता वेबसाइटही करतो. कोड लिहीत नाही. त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्यात पान समोर पसरलेलं असतं. माउसने फोटो उचलायचा, पाहिजे तिथे नेऊन ठेवायचा, सोडायचा. मजकुरावर टिचकी मारून तिथेच टाइप करायचं. झाली वेबसाइट.

त्याने कवडूजींचा फोटो उचलून अध्यक्षांच्या बाजूला ठेवला. कवडूजींच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “सरकते!” ते म्हणाले. मग सगळे ज्येष्ठ सदस्य रांगेने माउस हातात घेऊन एकमेकांचे चेहरे सरकवत बसले.

मी विचारलं, हे भडक प्रकरण आणायचं काय अडलं आहे? आपली एवढी देखणी, हाताने केलेली वस्तू असताना?

“माझी चांगलीच आहे, काकू,” दामिनी म्हणाली. “पण ती माझ्याशिवाय कोणाले चालवता येत नाही.”

मी म्हणाले, “मग तू आहेस ना.”

स्वतःच्या हाताने केलेल्या कामाविरुद्ध स्वतःच वकिली करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. काहून? आळस? की त्या वैभवच्या दुकानात जाणं-येणं वाढलं आहे? डोळे उघडे ठेवायला हवेत. चंपतरावांनी निकाल दिला: दोन्ही वेबसाइटी आठवडाभर चालवून बघा. आमच्या मंडळाने आजवर एकाही गोष्टीला नाही म्हटलेलं नाही आणि म्हणूनच एकही गोष्ट झालेली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

न्याय आहे. उशिरा का होईना, जगात न्याय आहे.

वैभवने समितीच्या सगळ्यांना पासवर्ड दिले होते. त्यांनी तीन दिवसांत त्या वेबसाइटचं जे केलं, ते कॉटन मार्केट चौकातल्या खांबाचंही कोणी करत नाही. सोमवारी चंपतरावांचा फोटो बोटभर मोठा झाला. मंगळवारी कवडूजींचा दोन बोटं. मग सहसचिवांनी स्वतःला अगदी मध्यभागी आणलं आणि खाली लिहिलं, ‘प्रेरणास्थान’. आज सकाळी पाहिलं तर लग्नाची एकही मुलगी दिसत नाही. पारशिवनीची बी. फार्म. झालेली एक होती, ती कवडूजींच्या मिशीखाली गेली. तिचं फक्त गोत्र बाहेर दिसतं.

मी विजयी मुद्रेने दामिनीला खाली बोलावलं. म्हटलं, बघ तुझं सॉफ्टवेअर.

ती हसली. मला अपेक्षित होतं त्यापेक्षा फारच हसली. मग म्हणाली, “पण काकू, हे सगळं त्यायनं स्वतः केलं नं? तीन दिवसांत मले एक फोन आला काय?”

हा काय युक्तिवाद झाला? घर जळालं पण शेजाऱ्यांनी काडेपेटी मागितली नाही, तसं. मी तिला तेही ऐकवलं. ती म्हणाली, फोटोंची जागा बंद करून ठेवता येते, वैभवला सांगते. मी म्हणाले, त्यापेक्षा तूच मेळाव्यापर्यंत सांभाळ, आणि कंपनीला एक महिना मुदत मागून घे. मेल लिहायला बसवलं. मजकूर मी सांगितला. ‘कौटुंबिक व सामाजिक जबाबदारीमुळे’ हा शब्दप्रयोग माझा. तिने ते सगळं इंग्रजीत टाइप केलं आणि ‘पाठव’चं बटण दाबायच्या आधी बराच वेळ तशीच बसून राहिली. व्याकरण तपासत असावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावतो. शुक्रवारपर्यंत कळवा.

उद्धटपणा बघा. ‘कौटुंबिक व सामाजिक’ला काही किंमतच नाही. मी म्हणाले, अशांकडे नोकरी करण्यात अर्थ नाही. नागपुरात काय कंपन्या नाहीत? गोपिका म्हणाली, “तुमी म्हणान तसं, ताई.” धर्मेंद्र ताटाकडे बघून जेवत होते. त्यांना मतं नसतात असं नाही, पण ती ते ऑफिसात ठेवून येतात.

दामिनी उठली. ताट उचललं, धुतलं, वर गेली.

मला आज उगाच चिडल्यासारखं होतं आहे. कोणावर, ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक कंपनीवर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज दामिनी खाली आली नाही, म्हणून मीच तिचा लॅपटॉप मागून आणला. विचार असा, की मीच शिकते. एवढी माणसं तो कोड लिहितात, त्यात अनेक गाढवंही असतील. मी एम. ए. आहे. मी सांभाळते वेबसाइट, तू जा पुण्याला, हाताने केलेली वस्तूही राहील, सगळ्यांचं समाधान. योजना उदात्त होती.

तिने वरून येऊन दाखवलं. ही ओळ मुलीच्या नावाची, ही उंचीची, ही शिक्षणाची. जिथे कंस उघडतो तिथे तो मिटायला पाहिजे. मी एका मुलीच्या शिक्षणात ‘एम. कॉम.’ घातलं. पान उघडलं तर उमरेड तालुका गायब. सगळाच. मुली, मुलं, त्यांचे मामा. कुठेतरी एक खूण माझ्या हातून पुसली गेली होती. दामिनीने एका नजरेत शोधून लावली, तालुका परत आला. मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी सगळ्या मुलांच्या ठिकाणी एकच मुलगा आला, नरखेडचा. मी चष्मा बदलला. त्याने काही फरक पडला नाही.

मी वैतागून म्हणाले, “अगं, असं काहून केलं तू, जे दुसऱ्या कोणाले येणारच नाही?”

मला एवढं साधं वाक्य बोलायचं होतं. ती उभी राहिली.

“तेच तर सांगून राहिली मी, काकू. बैठकीतही तेच सांगितलं. तुले हातानं केलेली वेबसाइट नाही पाहिजे. तुले माझे हात पाहिजे. इथं. तुझ्या टेबलावर.”

आवाज चढवला नव्हता. लॅपटॉप मिटला आणि घेऊन गेली.

वाक्य चांगलं होतं. सदरात मी ते कोणाच्याही तोंडी घातलं असतं. स्वतःवर आलं की कळतं, चांगली वाक्यं किती आगाऊ असतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वरून कोणी खाली आलं नाही. टेबल रिकामं. कप त्याच्या जागेवर ठेवला. चहा काही विशेष नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वैभवच्या दुकानात गेले. गोपिकाला भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं. या वयात खोटं बोलायचं तर निदान चांगल्या कारणासाठी असावं, आणि मी फ्लेक्सच्या दुकानात गेले.

आत शाईचा वास, आणि जमिनीवर एका नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा जबडा पसरलेला. बाकीचा माणूस छापून होत होता. वैभवने खुर्ची पुसून दिली. मी सरळ विचारलं, दामिनीशी तुझं काय चाललं आहे? तो एवढा घाबरला की मला त्याची दया आली. म्हणाला, त्याचं लग्न वैशाखात ठरलं आहे, कामठीची मुलगी, आमच्याच मागच्या पुस्तिकेतून. मीच तिला ‘मनमिळाऊ’ लिहिलं होतं. दामिनी फक्त एवढंच विचारायला यायची की काकूंना झेपेल असं काही आहे का.

“काकूंना?” मी विचारलं.

“हो नं. म्हणे, समितीवाले उद्या विसरून जातील, करायचं शेवटी काकूलेच आहे.”

मी त्याच्या गल्ल्यावरचा दिनदर्शिकेचा ठोकळा सरळ करून ठेवला.

मग म्हटलं, शिकव. त्याने शिकवलं. हे प्रकरण कोडपेक्षा सोपं आहे असं जे म्हणतात, त्यांना माझा हात लागो. फोटो उचलला की खालचा मजकूर घरंगळतो. मजकूर धरला की फोटो जातो. मी माउसचं बटण दाबून एका मुलीला धरलं आणि बोट उचलायलाच विसरले. मी माउस नेईन तिथे ती माझ्यामागे फरफटत आली, अध्यक्षांवरून, प्रास्ताविकावरून, गणपतीवरून.

“सोडा नं, काकू,” वैभव म्हणाला. “उचला, ठेवा, सोडा. सोडल्याशिवाय ते बसत नाही जागेवर.”

“समजलं,” मी म्हणाले, जरा जोरात. तेवढ्यात तिकडे इच्छुकाचं कपाळ छापून झालं.

दोन मुली आणि एक मुलगा माझ्या हाताने नीट लागले. वाकडे, पण लागले. समितीच्या चेहऱ्यांचं काय करायचं, विचारलं. त्याने सगळ्यांचे फोटो एका मापाचे केले आणि जागा बंद करून टाकली. फ्लेक्समध्ये तो नेहमीच तसं करतो म्हणाला. एकाचा कान मोठा झाला तरी दुसरा पैसे देत नाही.

रंग मात्र तसेच. लाल, पिवळा आणि मध्ये एक हिरवा, जो निसर्गात नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी वर गेले. दामिनी केस विंचरत होती. मी म्हणाले, कंपनीला आज कळवायचं आहे ना? येते म्हणून कळव. वेबसाइट मी बघते, वैभवची. शिकून आले.

तिला आधी खरं वाटलं नाही. काय शिकली, ते विचारून घेतलं, परीक्षाच घेतली. फोटो बदलायचा तर काय करायचं, नोंद काढायची तर कुठे जायचं. मी उत्तरं दिली. एक चुकलं. तिने दुरुस्त केलं.

मग आईकडे पाहिलं. गोपिका खिडकीशी होती. म्हणाली, “माझ्याकडे काय पाहते वं? पाठव.”

खाली माझ्या टेबलावरून मेल माझ्यासमोर गेली. या वेळी बटण लगेच दाबलं गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बैठक. मीच ठराव मांडला: वैभवची वेबसाइट घ्यावी. चंपतराव म्हणाले, “ताई, तुमीच तर हातमाग-यंत्रमाग लिहिलं होतं पेपरात. आमी कापून ठेवलं.” मी म्हणाले, पेपरातलं एवढं मनावर घ्यायचं नसतं, मी घेत नाही. दामिनीची वेबसाइट पडद्यावरून काढली तेव्हा मी चष्मा काढून पुसत बसले. तीन आठवड्यांचं काम. ती शांतपणे चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. मला वाटतं, दुःख सगळं मीच करून टाकलं, तिच्यासाठी उरलंच नाही.

कवडूजींनी शेवटी विचारलं, फोटो सरकत नाही काहून? मी सांगितलं, सॉफ्टवेअर बिघडलं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दामिनी गेली. दुपारची गाडी. धर्मेंद्र बॅग उचलून एवढे भराभर चालले की आम्हाला त्यांच्यामागे पळावं लागलं. रडायचं असलं की ते असेच चालतात. गोपिकाने डब्यात काय काय भरलं होतं ते पुण्यापर्यंत गाडीच्या सबंध डब्याला पुरलं असतं. मी सूचना दिल्या. कोणत्या, आठवत नाही. गाडी सुटली तरी देत होते.

घरी आले तर वेबसाइटवर तीन मुलं आडवी झालेली. उभी केली.

४ डिसेंबर, गुरुवार

हे मान्य करायला मला त्रास होतो, पण ही भडक वस्तू चालते. लोक आपापली माहिती मोबाइलवरून स्वतः भरतात. माझ्याकडे येते, मी बघते, बटण दाबते, दिसायला लागते. एकाने अपेक्षांच्या रकान्यात ‘आईला विचारा’ लिहिलं. एका मुलीने ‘मुलाने घोरू नये’. मी त्याचं ‘शांत स्वभावाचा’ केलं. संपादनाला अजून वाव आहे.

आज सगळ्यात मोठं आश्चर्य गोपिकाचं. जिला मोबाइलवर फोटो पाठवता येत नव्हता, तिने जिन्यात बसून अख्खी नोंद एकटीने भरली. दामिनीची. फोटो आमच्या सत्यनारायणाचा, साडीतला. शिक्षण, उंची, नोकरी. शेवटी: ‘लग्नानंतर नागपुरात परत येण्यास तयार.’ मला भरून आलं. वाक्य जरा कोरडं होतं, म्हणून मी ‘कुटुंबवत्सल’ जोडलं आणि बटण दाबलं. वर जाऊन गोपिकाला शाबासकी दिली. ती लाजली.

हाताने लिहायच्या वेबसाइटवर हे तिला जमलंच नसतं. दामिनीला सांगावं लागलं असतं.

९ डिसेंबर, मंगळवार

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे अर्धं नागपूर बंद. भाजीला लांबून जावं लागलं. परतले तर दामिनीचा फोन.

तिच्या ऑफिसातल्या एका मुलाच्या मावशीने नोंद बघितली, त्याने तिला दाखवली. चारचौघांत. पहिल्या पगाराच्याही आधी ‘परत येण्यास तयार’.

मी म्हणाले, आईने हौसेने भरलं गं. आणि वाक्य तर चांगलं आहे, मी स्वतः सुधारलं.

“मले विचारलं कोणी?” ती म्हणाली.

मी म्हणाले, आपल्याकडे मुलींना विचारून… आणि पुढचं वाक्य सापडेना. माझं सदर वाचणाऱ्यांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

ती ओरडली नाही. म्हणाली, “काकू, एक महिना मागत होती नं तू माझा? मी देऊन टाकला असता, तुले माहीत आहे. त्याच्या बदल्यात हे एक देणं लागते तू माझं. काढून टाक. आईले तू सांग. माझ्याच्यानं नाही होत.”

नंतर हवापाण्याचं बोललो. तिथे थंडी आहे म्हणे. पुण्याच्या थंडीला काय थंडी म्हणायचं, हे मी तिला सांगितलं नाही.

मला सगळ्यांचा राग आला. त्या मावशीचा, वैभवच्या सॉफ्टवेअरचा, ज्यात कोणीही उठून काहीही भरू शकतं. गोपिकाचा, जिला आत्ताच शिकायचं सुचलं. संध्याकाळपर्यंत यादी संपली. एकच नाव उरलं होतं, ते मी लिहीत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आधी वर गेले. गोपिका तुरीच्या शेंगा सोलत होती. सांगितलं, दामिनीची नोंद काढते आहे.

तिने शेंग खाली ठेवली. “माझ्या पोरीचं मी भरलं. काढणाऱ्या तुमी कोण, ताई?”

“छापणारी मी होते. म्हणून काढणारीही मीच.”

“तिनं सांगितलं?”

“हो.”

“मले काहून नाही सांगितलं?”

याला उत्तर होतं, पण ते दामिनीचं होतं, माझं नव्हतं. मी गप्प बसले. माझ्यासारखीला ते किती जड जातं, हे गोपिकाला माहीत आहे; तिने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “कुटुंबवत्सल तर तुमीच घातलं होतं.”

“हो.”

“ते बरं होतं,” ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली. सोला म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. थोडा वेळ बसून मी खाली आले.

वेबसाइट उघडली. दामिनी हिरव्या चौकटीत, सत्यनारायणाच्या साडीत. नोंदीवर टिचकी मारली. ‘ही नोंद कायमची काढायची?’ असं त्या सॉफ्टवेअरने विचारलं. एवढं तरी त्याला येतं. हो म्हटलं. खालच्या मुली एकेक घर वर सरकल्या आणि पान असं मिटलं की तिथे कोणी होतं हे कळू नये.

दामिनीला कळवलं नाही. घरातल्या घरात देणं फेडलं तर पावती मागत नाहीत.